सुरवण्याची पाठमोरी खोली

ही गोष्ट खरी आहे. जाखादेवीची शपथ घेऊन सांगतो, अक्षर न् अक्षर खरी. एक दाणा इकडचा तिकडे केलेला नाही. माझ्या खापरपणजीनं हे सगळं आपल्या डोळ्यांनी पाहिलं. आता ती त्या साली माहेरी होती आणि तिचं माहेर घाटावर, ही बाब वेगळी. पण पाहिलं तिनंच. शिवाय फुटलं ते गलबत होतं की पडाव, यावर आमच्याकडे दोन मतं आहेत. मी दोन्ही बाजूंचा मान राखतो. आठवडाभर गलबत सांगतो आणि सोमवारी पडाव. सोमवारी संग्रहालय बंद असतं.

तर मंडळी, बाहेरच्या दालनात तुम्ही जे पाहिलंत, तोफेचा गोळा, देवमाशाचा मणका, शिवराई नाणी, आगबोट धक्क्याला लागायची त्या काळचे फोटो, ते कुठल्याही किनाऱ्यावरच्या संग्रहालयात मिळेल. तोफगोळा तर आमचा नाहीच, शेजारच्या गावानं कंटाळून दिलेला आहे. सुरवण्याचं म्हणून जे काही आहे ते या आतल्या खोलीत. जरा उंबऱ्यातच थांबा आणि बघा.

हा पुरुषभर उंच आरसा. तुम्हाला दिसतात त्या त्याच्या पाठीच्या काळ्या फळ्या आणि खिळे. हा गलबताच्या नाळेवरचा, म्हणजे पुढच्या टोकावरचा, लाकडी मोर. त्याचं शेपूट तुमच्याकडे, चोच भिंतीकडे. ही होकायंत्राची पेटी, झाकण पलीकडे. या चिनीमातीच्या बश्या. फुलं त्या अंगाला, आपल्या वाट्याला नुसती बुडं. खोलीतली एकूण एक वस्तू पाठमोरी. पाहुणे विचारतात, भिंतींना रंग काढायचा आहे का? मागे नगरपरिषदेत एक नवे साहेब आले होते. त्यांनी सगळं सरळ करून घेतलं, काचा पुसल्या, वर दिवे लावले. दुसऱ्या दिवशी कुलूप उघडलं तर सगळ्या वस्तू पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभ्या. कुलूप शाबूत. किल्ल्या दोनच, एक साहेबांकडे आणि एक माझ्याकडे. साहेबांनी काही केलं नसणार.

हे असं का, त्याची ही हकिकत.

फार जुना काळ. आगबोट अजून या किनाऱ्याला ठाऊक नव्हती आणि ही इमारत म्हणजे खोबऱ्याची वखार होती. त्या साली वैशाखात सुरवण्यात पटकीची साथ आली. अशी आली म्हणतात की सकाळी जो तिरडीला खांदा द्यायचा तो संध्याकाळी तिरडीवर असायचा. घरांची दारं लागली. सोयरे वेशीवरून परत गेले. विहिरीवर बायका एकमेकींकडे न बघता पाणी भरायच्या.

खारवीवाड्यात मथुरी नावाची बाई होती. वय पंचविशीच्या आतलं. नवरा बुधाजी दर्यावर्दी गडी, साथीच्या पहिल्या फेऱ्यातच गेला. त्याच्या मागोमाग चार वर्षांची पोर तानी आजारली. पोरीचे डोळे खोल गेले, मांडीचं कातडं चिमटीत धरून सोडलं तर तसंच उभं राहायचं. मथुरीनं नवऱ्यासाठी रडायचं बाजूला ठेवलं आणि मीठ घातलेली पेज बोटानं पोरीच्या ओठांना लावत बसली. दिवस गेला, रात्र गेली, असं करता करता पोर जगली. म्हणजे मेली नाही, इतकंच. मानेवर डोकं ठरत नव्हतं. मथुरीला आता जगात एकच गोष्ट हवी होती. साथीनं हे दार पुन्हा ठोठावू नये.

जाखादेवीचा पुजारी लुमा गुरव. चांगला माणूस, असं सगळेच सांगतात. त्याच्या घरातलीही दोन माणसं गेली होती. त्यानं देवीला कौल लावला. कौल मिळाला तो असा, की साथीला मान देऊन, पोटभर वाढून, दर्यामार्गे गावाबाहेर घालवा. मग सावरीच्या लाकडाचं एक हातभर होडकं केलं. त्यात भात, नारळ, तांबडं लुगडं, पणती, आणि पाय बांधलेला काळा कोंबडा. गावातल्या प्रत्येकानं यायचं. जो चालू शकत नाही त्याला उचलून आणायचं. ओहोटीला होडकं पाण्यात सोडायचं, आणि सोडलं की तोंड गावाकडे करून चालू लागायचं. घरचा उंबरा ओलांडेपर्यंत मागे बघायचं नाही. जो बघेल त्याचं तोंड साथ ओळखून ठेवील आणि त्याच्या पावलात पाऊल टाकीत घरी येईल.

हे नियम आपल्याकडे बऱ्याच गावांत आहेत. उतारा टाकल्यावर मागं वळू नये, हे तुमच्या आजीनंही सांगितलं असेल. पण लुमा गुरवानं वर एक शब्द वाढवला. किनाऱ्यावर सगळा गाव जमल्यावर तो म्हणाला:

"ती हाक मारील. मागनं हाक मारील. आयशीच्या आवाजात मारील, गेलेल्या दादल्याच्या आवाजात मारील. वाचवा म्हणील. वळायचं न्हाय."

सूर्य बुडायला आला होता. दर्या तोवर मोकळा होता, नजर जाईल तिथपर्यंत एक शीड नव्हतं. होडकं सोडलं, ते ओहोटीनं अलगद उचललं, पणती हलली, कोंबडा एकदा ओरडला. मग अख्खा गाव वळला आणि केवड्याच्या बनाकडे चालू लागला. पुढे लुमा, मग मानकरी, मग बाप्ये, आणि सगळ्यांच्या मागे लेकुरवाळ्या बायका.

वारा दर्याकडून होता आणि अचानक वाढला. त्या वाऱ्यापासून पळत एक गलबत भुजाच्या टोकाला, म्हणजे खाडीबाहेरच्या या कड्याला, वळसा घालून आमच्या खाडीचा आसरा घ्यायला आलं. दक्षिणेकडून घरी चाललेलं, पलीकडल्या वाडेबंदरचं. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडप आहे, काळ्या खडकाची रांग. आमच्या माणसाला ते झोपेत दिसतं, परक्याला उजेडातही दिसत नाही. गलबत त्याच्यावर बसलं.

पहिला आला तो आवाज लाकडाचा. मोठं झाड मोडावं तसा. चालणाऱ्या एकाचंही पाऊल थांबलं नाही. मग गलबतावर कुणीतरी थाळी बडवू लागलं. आणि मग हाका. वारा पाठीवर असल्यामुळे शब्द न् शब्द कानाशी येत होता. "ओ भाऊ! ओ!" एक आवाज वर चढला, त्यात आणखी मिसळले.

पुढून लुमानं गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवी म्हाराजा, गावावरचं इघ्न दूर कर म्हाराजा," आणि गावानं होकार दिला, "व्हय म्हाराजा." असा होकार सुरवण्यानं आधी कधी दिला नव्हता, पुढेही दिला नाही. घसे फुटेपर्यंत ओरडले लोक. का ओरडले, ते ज्याचं त्याला ठाऊक. रेतीवर होड्या ओढून ठेवलेल्या होत्या, वल्ही आतच होती. पाणी ओसरलेलं, खडपापर्यंत जायला फार वेळ लागला नसता. त्या होड्यांच्या मधूनच वाट होती. माणसं होड्यांना हात न लागू देता अंग चोरून पुढे गेली.

मथुरी शेवटच्या बायकांत होती. तिलाही वाटलं, साथच हाक मारतेय. लुमादादानं सांगितलं तसंच सगळं होतंय. तिनं दात आवळले आणि चालत राहिली. पण पोर खांद्यावर होती. आणि खांद्यावरच्या पोराचं तोंड कुणीकडे असतं, ते तुम्ही जाणता. आई पुढे बघते तेव्हा पोर मागे बघतं. हे गुरवाच्या ध्यानात आलं नव्हतं, कुणाच्याच आलं नव्हतं.

"आये," तानी कानाशी म्हणाली, "मानसं हायत तिकडं."

मथुरीनं पाऊल उचललं.

"आये, हात करतायत."

मथुरीनं पदर ओढला आणि पोरीच्या तोंडावरून घेऊन गच्च धरला. पोरीचा ऊन श्वास तिच्या मानेवर लागत होता. तेवढ्यात पदराखालून पोरीचा एक हात बाहेर निघाला. तो दर्याच्या दिशेनं हलला, आपल्याला कुणी हात केला की आपण करतो तसा. मथुरीनं तो हातही धरून आत घेतला.

उंबरा ओलांडून तिनं दार लावलं. घराघरांत दारं लागली. उताऱ्याच्या रात्री किनाऱ्यावर जायचं नसतं, उजाडेपर्यंत. हाका कधी थांबल्या, ते कुणी सांगत नाही. मथुरीनं पोरीला मांडीवर घेतलं आणि साथीची वाट बघत बसली. पोरीनं मागे वळून बघितलं होतं. आता पोट दुखतं म्हणेल, आता ओकेल, आता हातपाय गार पडतील. पोर गाढ झोपली. सकाळी उठली आणि आजारानंतर पहिल्यांदा भूक लागली म्हणाली.

उजाडल्यावर गाव किनाऱ्यावर गेला. पाणी शांत होतं. खडपावर गलबताचं डोलकाठीसकट अर्धं अंग उभं होतं आणि पुळणीवर सामान लागलं होतं. माणसंही लागली, एकेक करून, दोन दिवस. खाडीच्या आतल्या मोहल्ल्यातली मंडळी येऊन त्यांना घेऊन गेली आणि त्यांच्या रीतीनं मातीत ठेवलं. आमचे बाप्ये खड्डे खणायला गेले. खणले आणि परत आले.

दर्यानं किनाऱ्याला लावलं ते ज्याला सापडलं त्याचं, असा आमच्याकडचा जुना हक्क. पण त्या दिवशी कुणी एका बशीला हात लावला नाही. लुमा म्हणाला, जाळून टाका, यात साथ असेल. जाळायलाही कुणी पुढे झालं नाही. मग मथुरी गेली. आरसा रेतीत पालथा पडला होता. एवढं धूड, पण काचेला तडा नव्हता. तिनं तो कडेला धरून उभा केला. ती गावाकडे तोंड करून होती आणि दर्या तिच्या पाठीशी. आरशात तिला स्वतःचं तोंड दिसलं, आणि त्या तोंडामागे सगळा दर्या दिसला. खडप, मोडकं गलबत, डोलकाठीला गुंडाळलेलं शीड. मान न वळवता सगळं दिसलं.

तिनं आरसा छातीशी धरून ओढत वखारीत नेला आणि भिंतीला टेकून ठेवला. काच भिंतीकडे. तिच्या मागून कुणी मोर उचलून आणला. तो ठेवताना त्या माणसानं आरशाकडे पाहिलं आणि मोराचं तोंडही भिंतीकडे केलं. मग पेटी आली, बश्या आल्या. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. सगळं सामान त्याच रीतीनं ठेवून झाल्यावर वखारीचं दार ओढून घेतलं.

आणि साथ गेली. हेच तर दुखणं आहे. त्या दिवसानंतर सुरवण्यात पटकीनं एक माणूस मेलं नाही. लोक लुमाच्या पाया पडले, देवीची ओटी भरली. सावरीच्या होडक्याचा गुण आला, असं सगळे म्हणू लागले. त्या संध्याकाळचा विषय निघाला की एकच वाक्य ठरून गेलं होतं. वारा व्हता. काय आयकू आलं न्हाय. बायको नवऱ्याला सांगे, वारा होता. नवरा म्हणे, हो ना, केवढा वारा. फार खोदलं तर कुणी म्हणे, आलं असेल कानावर, पण ती साथ होती, माणसं नव्हती. त्या वाक्यावर गाव जेवत होता आणि झोपत होता.

मथुरीला ते वाक्य वापरता येत नव्हतं. तिला एका पोरीनं सांगितलं होतं, माणसं हायत म्हणून. बरं, मागे बघितलं तर पोर जाईल या भीतीनं ती वळली नव्हती. आणि पोरीनं तर बघितलं होतं. बघून ती धडधाकट होती. गालावर मांस आलं, अंगणात धावू लागली. सगळा गाव वळला असता तरी काही झालं नसतं, याचा पुरावा मथुरीच्या घरात पेज भुरकत होता. पोर हसली की आई तोंड फिरवी. एकदा तानीनं जेवताना विचारलं, "आये, ती मानसं घरी ग्येली?" मथुरी म्हणाली, ग्येली. आणि हातातला घास तिनं पोरीच्या ताटात ठेवला.

पावसाळा गेला. नारळी पुनवेनंतर दर्या उघडला तेव्हा वाडेबंदरची एक होडी आमच्या पुळणीला लागली. तिच्यातून एक म्हातारी उतरली. हलीमाबी तिचं नाव, बुडालेल्या गलबताचा नाखवा याकूब तिचा एकुलता मुलगा. बरोबर भाऊ होता, तो होडीपाशीच थांबला. म्हातारी काठी टेकत देवळासमोरच्या पारापर्यंत आली. गाव जमला. बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं, गूळ दिला. ती पाणी प्यायली.

सामान ठेवलेलं आहे, घेऊन जा, असं मानकरी म्हणाले. तिनं मान हलवली. ती सामानासाठी आली नव्हती.

"एकच इचारायचंय," ती म्हणाली. "मेला ते ठावं हाय मला. रातीचा झोपेत बुडाला का जागा व्हता? कुणाला हाक मारली का त्यानं?"

लुमा गुरवानं घसा साफ केला. "वारा व्हता, बी," तो म्हणाला. "काय आयकू आलं न्हाय."

म्हातारीनं पुढच्या माणसाकडे पाहिलं. तो म्हणाला, वारा होता. तिनं त्याच्या पुढच्याकडे पाहिलं. तोही म्हणाला. असं करत तिची नजर सगळ्या पारावरून फिरली आणि प्रत्येकानं तेच वाक्य तिच्या हातावर ठेवलं. वाईट म्हणून नाही हो. तिला बरं वाटावं, असंही त्यात होतंच. पोर झोपेत गेलं, त्रास झाला नाही, असं समजून म्हातारी परत गेली असती. गावही सुटला असता.

नजर बायकांपर्यंत आली, आणि मथुरीपाशी थांबली.

मथुरी म्हणाली, "मारली."



"लई येळ मारली. थाळी वाजवली. आमी समद्यांनी आयकली. ही मंडळी म्हंतील, आमाला वाटलं साथ बोलावते. मला तसं म्हनता येत न्हाय. माजी पोर खांद्यावर व्हती, ती मागं बघत व्हती. मानसं हायत म्हनली. मी तिचं डोळं झाकलं."

लुमा उठून उभा राहिला. तो रागावला नव्हता. रडायला आलेला होता, असं सांगतात. "मथुरे," तो म्हणाला, "तुजी पोर जगली ती कशानं? आमी न्हाय वळलो म्हनून."

"पोरीनं बघितलं, लुमादादा," मथुरी म्हणाली. "तरी जगली."

या वाक्यानंतर म्हणे लुमा खाली बसला तो पुन्हा त्या पारावर बोलायला कधी उभा राहिला नाही. आणि त्यानंतर गावात ‘वारा होता’ हे शब्द कुणी उच्चारले नाहीत. अजूनही सुरवण्यात वारा पडला म्हणतात, वारा सुटला म्हणतात, वारा होता असं म्हणत नाहीत. पाहिजे तर बाहेर चहावाल्याला बोलायला लावून बघा.

हलीमाबीनं विचारलं, कुठली ती पोर? तानीला पुढे आणली. म्हातारी गुडघ्यांवर हात देत खाली बसली, पोरीच्या तोंडाला तोंड आणून.

"काय बघितलंस गो?"

तानीनं दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि हलवले. मग एक हात खाली घेऊन दुसरा हलवला. "आनि मी पन असा क्येला," ती म्हणाली.

म्हातारीनं तो हात आपल्या हातात घेतला. बराच वेळ धरून बसली. पोर हात सोडवून घ्यायला बघत होती, मथुरीनं डोळ्यांनी दटावलं तेव्हा गप्प राहिली.

मग म्हातारी म्हणाली, सामान दाखवा. तिला इथं आणलं, याच दारातून. तुम्ही उभे आहात त्या उंबऱ्यात ती उभी राहिली आणि तिला हे असंच दिसलं, सगळ्या वस्तूंच्या पाठी. मानकरी ओशाळून म्हणाले, थांबा बी, सरळ करून देतो. याकूबनं कालिकतहून सांगावा धाडला होता, आयसाठी आरसा घेतलाय, उभ्यानं पदर नीट करशील एवढा मोठा. म्हातारीनं आरशाच्या फळ्यांवरून हात फिरवला, वरपासून खालपर्यंत. सरळ करून बघितला नाही. दोघे पुढे झाले आरसा वळवायला, तर तिनं काठी आडवी धरली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमी वळला न्हाय. हे कशाला वळंल?"

म्हणून हे असं आहे. तिनं काही नेलं नाही. आमचेही हात पुन्हा लागले नाहीत. पुढे वखारीची शाळा झाली, शाळेचं गोदाम, गोदामाचं संग्रहालय; पण ही खोली जशी तिनं ठेवायला सांगितली तशी राहिली. साहेब आले, साहेब गेले.

ती पुळणीकडे निघाली. शिव्या दिल्या असत्या, कपाळ फोडून घेतलं असतं, तळतळाट दिला असता, तर गावाला सोपं गेलं असतं. ती नुसती चालत होती, काठीचं टोक रेतीत रुतत होतं. गाव मागे उभा होता. आता निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, ही आपली रीत. अपशकुन होतो, काम बिघडतं. मथुरीला ते कळत होतं. पण त्या पुळणीवर, त्या होड्यांच्या मधून तिला पाठमोरी जाताना बघून मथुरीला राहवलं नाही. ती तानीला कडेवर घेऊन धावत पाण्यापर्यंत गेली आणि मागून हाक मारली.

"ओ आये! ओ!"

म्हातारी होडीत चढत होती. मथुरीनं आणखी हाक मारली. तिच्या मागून दुसरी बाई आली, तिसरी आली, पाण्यात शिरल्या, सगळ्या हाका मारू लागल्या. काय म्हणायचं होतं त्यांना? काही नाही. म्हणण्यासारखं काय होतं? नुसत्या हाका. होडी सुटली, वल्हं पडलं, आणि तेव्हा हलीमाबी वळली. तिनं मथुरीकडे पाहिलं, तिच्या कडेवरच्या पोरीकडे पाहिलं, आणि एक हात वर केला. मग होडी भुजाच्या टोकापलीकडे गेली.

आजही सुरवण्यात निघालेल्या माणसाला मागून हाक मारतात. मुद्दाम मारतात. सासरी चाललेल्या पोरीला मांडवाच्या दारातून मारतात, परीक्षेला चाललेल्या मुलाला मारतात, आणि तो वळल्याशिवाय निघू देत नाहीत. होड्या सुटताना किनाऱ्यावरून कुणीतरी ओ देतं आणि तांडेल मान वळवून बघतो. बघितलं नाही तर खलाशी वल्हं पाण्यात घालत नाहीत. बाहेरगावाहून इथं लग्न होऊन आलेल्या सुना आधी बिचकतात, मग त्याच सगळ्यांत मोठ्यानं हाक मारतात. आजही या संग्रहालयाच्या पायऱ्या तुम्ही उतरलात की दारातून तुम्हाला हाक येईल. तिकिटं फाडायची आणि हाक मारायची, ही दोन कामं माझ्याकडे आहेत. पाहुणे वळतात, छत्री राहिली का, चष्मा राहिला का, असं त्यांच्या तोंडावर असतं. काही राहिलेलं नसतं. मी मान हलवतो, जा म्हणतो.

आता शपथ घेतली आहे म्हणून सांगतो. कोंबडा काळा होता की तांबडा, मला ठाऊक नाही. ते चालायचं. पण एक गोष्ट माझी आहे, पदरची आहे. पाहुण्यांना पुढे जेवायचं असतं, मुलंबाळं बरोबर असतात, म्हणून मी ती घालतो. आणि आता इतकी वर्षं घालतोय की सांगताना मला स्वतःला खरी वाटते.

हलीमाबी वळली नाही. जुनी माणसं इतकंच सांगतात, की बाया कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या आणि होडी दिसेनाशी झाल्यावरही हाका मारत होत्या.